पिराला बोललेला बोकड

मनकर्णा जेवायला बसली की रत्नमाला तिच्या ताटाच्या कडेला गुळाचा एक खडा ठेवी. प्रार्थना व्हायची, भाकरी-कालवण व्हायचं, आणि शेवटच्या घासापर्यंत तो खडा जागचा हलता कामा नये, असा त्या घरातला दंडक होता. रत्नमालेला नगरला लहानपणी तिच्या वडिलांनी असंच शिकवलं होतं. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. मोह काही शिंगं-शेपूट लावून येत नाही, तो आधी जिभेवर येऊन बसतो, तिथून त्याला उठवता आलं की पुढचं सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या आठवड्यात मनकर्णानं दोनदा खडा आधीच तोंडात टाकला. एकदा तर प्रार्थना चालू असताना, डोळे मिटून. त्यानंतर मात्र ती डावा हात मांडीखाली दाबून जेवायला लागली. एक दिवस म्हणाली, "काकी, ह्यो खडा लय बघायलाय माज्याकडं."

भुजंगला ठसका लागला. रत्नमाला हसली नाही. त्याला बघू दे, तू बघू नकोस, एवढंच म्हणाली आणि पोरीच्या ताटावर लक्ष ठेवून राहिली.

लक्ष ठेवणं हा तिचा स्वभावच होता. नगरच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली ही मुलगी लग्न होऊन परभणीत आली, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती. जनावरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. नवरा त्याच दवाखान्यात कंपाउंडर. गावात ख्रिस्ती घरं अगदी थोडी. रेल्वेतले दोघे, सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई, दोन-तीन मास्तर, आणि या सगळ्यांचे मिळून एक म्हातारे पाळकसाहेब. रविवारी एकमेकांना सलाम करायला तेवढीच तोंडं. एवढ्याशा माणसांत एखादं जरी सुटलं तरी रिकामी जागा दिसायची, आणि रत्नमालेला ती आधीपासूनच दिसू लागायची.

भुजंग जन्मानं पालमकडच्या एका वाडीतल्या मेंढक्याचा मुलगा. लहानपणी कळपामागे नगरकडं गेले असता त्याचा पाय मोडला. बापानं त्याला मिशनच्या दवाखान्यात ठेवला आणि पावसाळ्याआधी नेतो म्हणून गेलेला बाप उगवला तो दोन वर्षांनी. तोवर पोर लिहावाचायला लागलं होतं. पुढं मोठेपणी त्यानं आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. वाडीनं त्याला टाकलं नाही आणि पुरतं जवळही केलं नाही. मेंढरांना लस टोचायला तो हवा, पंगतीला नसला तरी कुणाचं अडत नाही, असं ते चाललं होतं.

मनकर्णा त्याच्या थोरल्या भावाची, सटवाजीची मुलगी. सटवाजी साप चावून गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि वाडीत तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. भुजंगनं वहिनीच्या, केवळाबाईच्या विनवण्या केल्या, की पोर माझ्याकडं दे, शाळेत घालतो. केवळाबाईनं आठ दिवस काही उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी पोरीला घेऊन ती स्वतःच परभणीत आली, दारातच उभी राहिली, आणि घोटभर पाणी पिऊन परत गेली. जाताना तिनं सांगितलं, की त्या वर्षी झालेलं एक काळं करडू, पाठीवर पांढरा पट्टा असलेलं, ती वाडीच्या पिराला बोलली आहे. पोर शहरात सुखरूप राहिली तर दोन वर्षांनी तो बोकड कंदुरीत, पिराच्या नवसाच्या जेवणात कापायचा. रत्नमालेला ते लागलं. आपल्या घरात पोर सुखरूप राहावी म्हणून कुणाला बोकड बोलावा लागतो, हे काही तिला पचलं नाही.

पण पोर गुणाची होती, हे तिनं पहिल्या महिन्यातच ओळखलं. शाळेतल्या मुली गणपतीचा प्रसाद वाटायच्या. देवापुढे ठेवलेलं आपण खात नाही, कारण आपण ते खाल्लं म्हणजे त्या देवाला मान दिला, असं रत्नमालेनं तिला नीट बसवून समजावलं होतं. कुणाला तोडून बोलायचं नाही, कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, फक्त आपला हात मागं घ्यायचा. पण हात मागं घेण्याचं धाडस पोरीला झालं नाही. तिनं मोदक घेतला आणि शाळा सुटेपर्यंत मुठीत धरून ठेवला. घरी आली तेव्हा मूठ चिकट झाली होती आणि बोटांच्या फटींतून सारण बाहेर आलं होतं. तो मोदक तिनं दवाखान्यात बांधलेल्या एका शेळीला चारला आणि चुलतीसमोर हात पसरून उभी राहिली. रत्नमालेनं स्वतः तिचा हात धुतला. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, ही माझी आहे.

टुरिंग सिनेमाचा तंबू आला तेव्हाही मनकर्णा गेली नाही, वर्गातल्या सगळ्या गेल्या तरी. मराठी सहावीच्या परीक्षेत शेजारणीनं पाटी पुढं सरकवली, तिनं डोळे मिटून घेतले आणि एक गणित चुकू दिलं. चौदावं सरताना ती आपण होऊन म्हणाली, की मला बाप्तिस्मा घ्यायचाय. रत्नमालेची दोन वर्षांची छबू तेव्हा चुलीपाशी पिठात खेळत होती. आईनं तिला उचलून घेतलं आणि उगीचच घट्ट धरलं.

पाळकसाहेब सावध माणूस. पोर अजून अजाण आहे, ते म्हणाले, आईचा अंगठा आणा. त्याशिवाय मी पाण्याला हात लावणार नाही. निरोप वाडीला गेला आणि उलट निरोप आला, की पोरीला कंदुरीला आणा, मग देते अंगठा.

त्या दिवसापासून रत्नमालेच्या जिवाला घोर लागला. कंदुरी म्हणजे साऱ्या वाडीचे बोकड, मटणाच्या वासानं भरलेलं रान, आणि त्या वासात उभी असलेली पोरीची आई. गुळाच्या खड्याशी याची काय बरोबरी? आपण सगळे फक्त भाजी-भाकरी खाऊ, असं तिनं आधीच कळवून टाकलं. आगगाडीत बसल्यावर तिनं मनकर्णाकडून दोनदा घोकून घेतलं: आईचा अपमान करायचा नाही, कारणं सांगायची नाहीत, ताटावर हात ठेवायचा आणि मला नको म्हणायचं.

भुजंग खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, "पोरीला आईच्या घरी न्यायलोय का कोर्टात साक्षीला?"

गंगाखेडला उतरून मोटारीनं पालम आणि तिथून दीड कोस पायी. वाडीत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. केवळाबाई झोपडीच्या दारात उभी होती. उंच, वाळलेली बाई, कपाळावर हिरवं गोंदण, हाताला लोकरीचा वास. तिनं लेकीला मिठी मारली नाही. तिची वेणी मुठीत धरली, वजन करावं तशी तोलली आणि विचारलं, तेल लावतेत का गं तुला? मनकर्णा हसली आणि तिच्या तोंडून वाडीची बोली बदाबदा बाहेर पडली. परभणीत दोन वर्षं झाकून ठेवलेली ती बोली ऐकताना रत्नमालेला आपण तिथं उपऱ्या आहोत असं वाटलं.

शेजारची कासाबाई केव्हाच येऊन उंबऱ्यावर बसली होती. केवळाबाईची ती लांबची नणंद. तिच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीला कळायचं. "आल्या का शाळंच्या बाई," असं तिनं रत्नमालेचं स्वागत केलं आणि पान लावायला घेतलं. भुजंगला पिशवी खाली ठेवायलाही कुणी दिलं नाही. मेंढरांच्या खुरांना सूज आली म्हणून दोघं-तिघं त्याला वाड्यावर घेऊन गेले, रानातल्या मेंढरांच्या वाड्यावर.

छबूला शू करायला म्हणून रत्नमाला झोपडीमागं गेली. तिथं कुडाच्या भिंतीला चार खुंट्यांवर एक कातडं ताणून लावलेलं होतं. काळं कातडं, मधून पांढरा पट्टा.

त्या बोकडाचं वर्णन तिनं मनकर्णाच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. ती जवळ गेली. कातड्याला मीठ चोळलेलं होतं, कडा वाळून वर वळल्या होत्या. जनावरांच्या दवाखान्यामागं पाच वर्षं संसार केलेल्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही. हे कातडं आजचं नव्हतं. काल दिवसभर तरी यानं ऊन खाल्लं होतं. आणि पिराकडून तर आत्ता कुठं ताशा ऐकू येत होता. लिंबाखाली रांगेनं बांधलेले बोकड अजून ओरडत होते, मुलाण्याची सुरी अजून एकाच्याही मानेला लागलेली नव्हती.

रत्नमाला तिथंच उभी राहिली. भुजंगनं कधीतरी आपल्या वहिनीला सांगितलं होतं, की आम्ही मटण खातो, फक्त देवाला दाखवलेलं खात नाही. केवळाबाईनं ते शब्दाला शब्द धरून ठेवलं होतं. पिराला बोललेला बोकड तिनं आदल्या दिवशीच, पिरापुढं फातेहा न देता, कुणाला न सांगता, रानात नेऊन कापून घेतला होता. ज्याला बोलला त्याच्याकडून काढून घेतला होता, लेकीला खाता यावा म्हणून. त्या बाईनं रात्र कशी काढली असेल, हे रत्नमालेच्या मनात आलं. छबू तिचा पदर ओढत होती.

ती आत आली तेव्हा मनकर्णा विचारत होती, माय, बोकड कुठाय? केवळाबाईच्या आधी कासाबाई बोलली. ज्याचा हाय त्याच्या दारात बांदलाय, ती म्हणाली; केवळाबाईनं तिला तसंच सांगितलं होतं. केवळाबाईनं चुलीत फुंकर घातली. कासाबाईच्या देखत ती बोलणार तरी काय? पिराला फसवलं, हे वाडीला कळलं तर तिला पाणी कुणी दिलं नसतं.

जेवायला बसायला दुपार टळली. रत्नमालेनं भाकरी आणि चटणी घेतली. केवळाबाईनं लेकीपुढं परात ठेवली. काळजाचे तुकडे तिनं वेगळे भाजून ठेवले होते, ते आधी वाढले, मग रस्सा. झोपडीत नुसता दरवळ सुटला. मनकर्णाची नजर काळजाच्या तुकड्यांवरून हलेना. ईस्टरनंतर तिनं मटण चाखलं नव्हतं. कंपाउंडरच्या पगारात नाताळ आणि ईस्टर, एवढेच मटणाचे दिवस.

"खा गं बाई," केवळाबाई म्हणाली. "काई न्हाई त्यात. निसतं मटन हाय."

मग ती रत्नमालेकडं वळली. सरळ डोळ्यांत बघितलं. मागच्या भिंतीकडं ही बाई जाऊन आली आहे, हे तिला ठाऊक होतं.

"रतनबाई, तुमी सांगा तिला."

एक शब्द पुरला असता. शब्दही नको होता, नुसती मान डोलावली असती तरी कासाबाईला काही कळलं नसतं आणि पोरीला सगळं कळलं असतं. पण त्या क्षणी रत्नमालेला काय दिसलं, तर हातावर रस्सा ओघळतोय आणि पोर आईला टेकून जेवतेय. आज हिनं या परातीतून खाल्लं की अंगठा राहून जाईल, बाप्तिस्मा राहून जाईल, आणि ती वेणी पुन्हा त्या मुठीत जाईल, असं तिला वाटलं. आणि नाही खाल्लं, साऱ्यांदेखत हात मागं घेतला, तर ती कायमची आपली.

"तिचं तिला ठरवू द्या, जाऊबाई," ती म्हणाली.

मनकर्णा चुलतीच्या चेहऱ्याकडं बघत होती, पाठ म्हणताना अडली की बघायची तशी. रत्नमालेनं खाली मान घातली आणि छबूसाठी भाकरी कुस्करायला लागली.

पोरीनं डावा हात परातीवर धरला. रस्सा कढत होता. वाफेनं तळहात लाल झाला तरी तिनं तो हलवला नाही.

"मला नको, माय. देवाला दावल्यालं मी खात न्हाई."

कासाबाई हसली. म्हणाली, मेंढक्याच्या पोरीला बी सोवळं आलं की आता. केवळाबाईनं परात उचलली, तुकडे एकेक करून गाडग्यात परत टाकले आणि लेकीला भाकरीवर कांदा फोडून दिला. हात पदराला पुसले आणि कागद मागितला. शाईचा डबा भुजंगनं दवाखान्यातून आणलेलाच होता. कुठं लावायचा ते तिनं विचारलं, अंगठा दाबला आणि शाई कुडाला पुसली.

"लय पक्की केली तुमी पोर," ती रत्नमालेला म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

भुजंग आला तो भुकेजून. केवळाबाईनं त्याला गाडग्यातलं वाढलं. त्यानं मनातल्या मनात प्रार्थना केली आणि एक शब्द न विचारता तीन भाकरी खाल्ल्या. कालवण झकास झालंय, वैनी, एवढंच म्हणाला. मनकर्णा त्याच्याकडं बघत होती. काका मोहाला बळी पडला याचं तिला वाईट वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. रत्नमालेनं तेही तसंच राहू दिलं.

परत जाताना तिनं नवऱ्याला विचारलं, की न विचारता कसं खाल्लंत. तो म्हणाला, वैनीनं वाढलं, मी खाल्लं. तिनं मला कधी खोटं वाढलेलं नाही. मनकर्णा पुढं छबूला घेऊन चालली होती. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. रत्नमाला पालमपर्यंत गप्प चालत राहिली.

रविवारी पाळकसाहेबांनी संडे स्कूलमध्ये मनकर्णाची गोष्ट सगळ्या मुलांना सांगितली. पोर खाली मान घालून ऐकत होती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नाताळाआधीच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा झाला. केवळाबाई आली नाही. एका मेंढक्याबरोबर तिनं नवं घोंगडं पाठवलं, काळं, पांढऱ्या काठाचं. मनकर्णानं ते अंगावर घेतलं आणि उन्हाळा लागेपर्यंत सोडलं नाही.

रत्नमालेचं मात्र बिनसलं. प्रभूच्या प्रार्थनेत मोहात पडू देऊ नकोस ही ओळ आली की ती नुसते ओठ हलवायची. ताटाच्या कडेला गूळ ठेवणं तिनं सोडून दिलं. भुजंगनं विचारलं, खडा कुठं गेला? गूळ संपला, ती म्हणाली. फडताळात तर अर्धी ढेप होती. रोज सकाळी ती ठरवायची की आज पोरीला सांगायचं. मग पोर शाळेतून यायची, तिच्या गळ्यात हात टाकून काकी म्हणायची, आणि तो दिवस तसाच जायचा. मे महिन्यात सुट्टी लागली की तिघींनी वाडीला जायचं, केवळाबाईला चार दिवस परभणीत आणायचं आणि तेव्हा सगळं सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

एप्रिलात निरोप आला. केवळाबाईला ताप भरून चार दिवस झाले होते. निरोप्याला मोटार मिळाली नव्हती, तो चालत आला होता. हे लोक वाडीत पोचले तेव्हा सकाळीच माती झाली होती.

झोपडीपुढं बाया बसल्या होत्या. कासाबाईनं मनकर्णाला जवळ ओढलं, रडली, आणि रडता रडता सगळं बोलून गेली. पिरानं धरलं गं तुज्या मायला, ती म्हणाली. त्याचा बोकड तिनं आदल्या दिशीच कापला, त्याला दावला बी न्हाई. आमाला तरी कुठं ठाव? तापात बडबडायली तवा कळलं. चार दिवस एकच बोलणं: "पोरीच्या तोंडात जावं म्हनून तुजं काडून घेतलं बाबा, अन् तिच्या बी तोंडात न्हाई गेलं."

मनकर्णा रडली नाही. ती उठली आणि झोपडीमागं गेली. थोड्या वेळानं रत्नमाला तिच्या मागं गेली. पोर कुडाला टेकून बसली होती. भिंतीत कातडं ताणायच्या चार खुंट्या अजून होत्या.

मनकर्णा त्या खुंट्यांकडं बघत होती. तिला आठवत असावं, की त्या दिवशी काकी छबूला घेऊन इकडंच आली होती.

"काकी, तुमाला ठाव व्हतं?"

आता ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. साक्षीला होती ती छबू, तिला तेव्हा धड बोलताही येत नव्हतं. नाही म्हणणं किती सोपं असतं, हे रत्नमालेला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं तिनं पोरीला हाच शब्द तर शिकवला होता. तो तिच्या अगदी ओठांवर आला होता, गोड, गुळासारखा.

"हो," ती म्हणाली.

"कवा कळलं?"

"जेवायच्या आधी. इथंच."

"मंग?"

"मला वाटलं, तू खाल्लंस तर तू इकडचीच राहशील. मला तू हवी होतीस."

मनकर्णानं आपला डावा तळहात उघडून बघितला, मिटला. वाऱ्यावर मेंढरांचा वास येत होता. तिनं पुढं काही विचारलं नाही.

ती परभणीत परत आली, कारण शाळा सोडू नको असं आईचं शुद्धीतलं शेवटचं सांगणं होतं, आणि ते कासाबाईनंही तिला दोनदा बजावून सांगितलं. घरात ती पूर्वीसारखीच वागायची. छबूला खेळवायची, पाणी भरायची, काकी म्हणायची. फक्त जेवायला बसल्यावर रत्नमालेनं पळी उचलली की ती हलकेच ताटावर हात ठेवायची, मी घेते म्हणायची आणि आपल्या हातानं वाढून घ्यायची. भुजंगला सगळं कळलं होतं. तो बायकोला बोलला नाही, पण एक दिवस जेवता जेवता त्यानं एवढंच म्हटलं, की वैनीला मी तेव्हा विचारलं असतं तर तिनं मला सांगितलं असतं. तो स्वतःलाही दोष देत होता, हे पाहून रत्नमालेला आणखीच कानकोंडं झालं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचं. ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यानं आधी ते मिटवावं आणि मग यावं, असं पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले. लोक उठून पुढं गेले. रत्नमाला बाकावर बसून राहिली. तिला वाटलं होतं, मनकर्णा जाईल. पोरीनं काय पाप केलं होतं? पण मनकर्णाही बसून राहिली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला. पाळकसाहेब ताट घेऊन क्षणभर थांबले, दोघींकडं बघितलं आणि पुढचं वचन म्हणायला लागले. बाहेर नर्सबाईंनी काळजीनं विचारलं, तब्येत बरी नाही का दोघींची?

जूनमध्येही तसंच झालं. त्या दुपारी रत्नमालेनं पाळकसाहेबांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. संडे स्कूलमध्ये सांगितलेली ती गोष्ट पुरी नव्हती, हेही सांगितलं. म्हातारा म्हणाला, की देवाकडची क्षमा मी तुला आज सांगू शकतो, बाई. पोरीकडची मला सांगता येणार नाही.

जुलैत तिसऱ्यांदा ताट पुढं आलं तेव्हा रत्नमालेला राहवलं नाही. ती बाकावरून थोडी सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, की तू जा, मनू. माझ्यामुळं तू उपाशी राहू नकोस.

मनकर्णानं समोर बघत नकारार्थी मान हलवली.

"माजं मन साफ झालं न्हाई अजून, काकी. साफ झालं असं दावून कसं खाऊ? तुमीच शिकवलंय." थोडं थांबून ती म्हणाली, "झालं की सांगीन."

"सांग," रत्नमाला म्हणाली.

पुढं लोक गुडघे टेकून होते. छबू दोघींच्या मधल्या जागेत बाकावर उभी होती. एक हात आईच्या खांद्यावर, दुसरा मनकर्णाच्या वेणीवर, आणि हात दोन्हीकडं धड पुरत नव्हते म्हणून कुरकुरत होती. मनकर्णानं तिला उचलून मांडीवर घेतलं. मधली जागा रिकामी राहिली. रत्नमाला तिकडं न सरकता, जिथं होती तिथंच हात जोडून बसली.